सहासष्टांची आठवण

१४ एप्रिलला नाशिक रोडला निळे झेंडे लागतात आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीची मिरवणूक निघते. त्याच दिवशी सकाळी अग्निशमन केंद्रातले जवान गणवेशात रांगेने उभे राहतात आणि दोन मिनिटे स्तब्ध होतात. जयंतीचे कारण सर्वांस ठाऊक आहे. या दुसऱ्या कार्यक्रमाचे कारण मी वर्गात विचारले, तेव्हा फार थोड्यांना सांगता आले. म्हणून हा लेख.

गोष्ट १९४४ सालची. दुसरे महायुद्ध चालू होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे मालवाहू जहाज १२ एप्रिलला येऊन लागले. इंग्लंडहून निघालेल्या या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. वाटेत कराचीला त्यातच कापसाच्या हजारो गाठी भरल्या. दारूच्या कोठाराला लागून गवताची गंजी रचावी, तसा हा प्रकार!

१४ तारखेला दुपारी जहाजाच्या पोटातून धूर येऊ लागला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. पण आग नेमकी कोठे आहे ते सापडेना. दाबून बांधलेला कापूस आतल्या आत धुमसतो, वरचे पाणी तिथवर पोचत नाही. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादरा थेट सिमल्यापर्यंत यंत्रांनी नोंदला. जळता कापूस वस्तीवर पडून आगी लागल्या. युद्धकाळ म्हणून ही बातमी सरकारने मे महिन्यापर्यंत दाबून ठेवली.

या आगीशी झुंजताना अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. त्यांच्याच स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

हे वाचताना माझे मन एका आकड्यापाशी अडले. जवान ६६, हे नक्की. पण एकूण मृत किती? कोणी ८०० म्हणतात, कोणी १,३००. एवढा फरक का पडावा? जवानांची नावे दलाच्या हजेरीपटावर होती. धक्क्यावरच्या रोजंदारी हमालांचा, आसपासच्या झोपड्यांतल्या माणसांचा असा पट कोण ठेवणार?

माझे वडील इथल्या मालधक्क्यावर माथाडी कामगार आहेत. आजोबाही हमालीच करीत; परंतु त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांचे नाव कुठल्याच वहीत नव्हते. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, मंडळे आली आणि हमालाची नोंद होऊ लागली. वडील आपले नोंदणीचे कार्ड पत्र्याच्या पेटीत का जपून ठेवतात, ते मला हा इतिहास वाचल्यावर कळले. नोंद असली तर मजुरी मागता येते, आणि बरेवाईट झाले तर निदान मोजदाद तरी होते.

१९४४ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते, हेही या दिवशी आठवावे. येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीला जाण्याआधी आपल्या कॉलेजातल्या मुलामुलींनी अग्निशमन केंद्रात जाऊन जवानांच्या मागे उभे राहावे, असे मला वाटते. त्या दोन मिनिटांत सहासष्टांबरोबर ज्यांची गणती झाली नाही, त्यांनाही आठवावे.