एमआरआयच्या आधीची तपासणी

घरातल्या माणसाचा हात अचानक लुळा पडतो, बोलताना शब्द सापडेनासे होतात, किंवा आठवड्यापूर्वी घर-ऑफिस नीट सांभाळणारी बायको रात्रभर असंबद्ध बडबडत राहते. अशा वेळी जोडीदाराच्या तोंडी दोनच प्रश्न येतात : हे कशानं झालं, आणि यावर औषध काय? दोन्ही रास्त आहेत. मेंदूविकारतज्ज्ञ मात्र तिसऱ्याच प्रश्नापासून सुरुवात करतो : नेमकं कधी सुरू झालं, आणि किती वेळात वाढत गेलं? याचं उत्तर कुठल्याही यंत्राकडे नसतं. रुग्णाकडेही पुष्कळदा नसतं, कारण जो अवयव ते सांगणार तोच बिघडलेला असतो. ते असतं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे. हे उत्तर हाती नसताना केलेल्या महागड्या तपासण्या दिलासा देण्याऐवजी घोळच वाढवतात, असं माझं म्हणणं आहे.

लक्षणाच्या वेगावरून कारण कसं कळतं, याला शरीरशास्त्राचा आधार आहे. मेंदूच्या पेशीकडे प्राणवायूचा आणि साखरेचा साठा जवळपास नसतोच. त्यामुळे रक्तवाहिनी तुंबली की त्या भागाचं काम काही क्षणांत थांबतं. हात, चेहरा, वाचा एकदमच जाते. अर्धशिशीचं तसं नाही. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञानं अर्धशिशीआधी स्वतःच्या नजरेसमोर सरकत जाणाऱ्या नागमोडी रेषांची चित्रं काढून ठेवली आणि १९४१ मध्ये हिशेब मांडला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं पुढे जात असावं. १९४४ मध्ये ब्राझीलच्या लिआव यांनी सशाच्या मेंदूत तशीच संथ लाट प्रत्यक्ष नोंदवली. म्हणून अर्धशिशीतल्या मुंग्या बोटांत सुरू होऊन कोपरामार्गे ओठापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं घेतात. फिट आली तर सारा खेळ बहुधा एक-दोन मिनिटांत आटोपतो. रोगप्रतिकारशक्तीच नसांवर उलटली तर दुखणं दिवसांच्या हिशेबानं वाढतं, मेंदूवर उलटली तर बहुधा दिवस-आठवड्यांच्या. आणि बी-१२ च्या अभावाला महिने लागतात. शिक्क्यासारखे नियम नव्हेत हे. रक्तातली साखर घसरली तरी हुबेहूब लकव्यासारखं चित्र दिसू शकतं, म्हणून बोटातून थेंबभर रक्त काढून साखर आधी पाहतात. पण शोध कुठून सुरू करायचा, ते या वेगावरूनच ठरतं.

साक्षीदाराचं महत्त्व सगळ्यात उघड दिसतं ते तात्पुरत्या सर्वंकष विस्मृतीत. पन्नाशी-साठीचा माणूस अचानक विचारतो, ‘आपण इथं कशाला आलोय?’ बायको सांगते. तो मान डोलावतो आणि पाच मिनिटांनी त्याच सुरात तेच विचारतो. बायकोला ओळखतो, स्वतःचं नाव सांगतो, गाडीही चालवू शकेल. फक्त नवी आठवण टिकत नाही. हे चोवीस तासांच्या आत, बहुधा काही तासांतच, आपोआप ओसरतं. हॉजेस आणि वॉर्लो या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९० मध्ये या विकाराचे निकष ठरवले. त्यांतली पहिली अट आहे ती, झटका कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेला असावा आणि त्यानं तो नीट सांगावा. एमआरआयमध्ये स्मृतीच्या केंद्रात, हिप्पोकॅम्पसमध्ये, दिसणारे बारीक ठिपके पहिल्या काही तासांत क्वचितच सापडतात. ठळक होतात ते एक-दोन दिवसांनी. म्हणजे माणूस बरा होऊन घरी चहा पीत असतो, तेव्हा कुठे यंत्राला पुरावा दिसू लागतो.

यावर सरळ आक्षेप येतो : इतका विचार कशाला, डोक्यापासून कमरेपर्यंत सगळं स्कॅन करून टाकावं, जे असेल ते दिसेल. अडचण अशी, की नको ते फार दिसतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात दोन हजार सामान्य नागरिकांच्या मेंदूचं एमआरआय केलं गेलं. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ७.२ टक्के लोकांच्या मेंदूत रक्तपुरवठा तुटल्याच्या अशा खुणा सापडल्या, ज्यांचा कसलाही त्रास कधी जाणवला नव्हता, १.८ टक्के लोकांच्या धमनीला फुगा होता आणि १.६ टक्क्यांना साध्या गाठी. आता पाय लुळा पडलेल्या माणसाच्या स्कॅनमध्ये अशी एखादी जुनी खूण निघाली, तर घरच्यांचीच काय, घाईतल्या डॉक्टरचीही खात्री पटते की कारण सापडलं. उलट बाजूनं, मेंदूच्या मागच्या भागातला ताजा झटका पहिल्या स्कॅनमध्ये निसटू शकतो. एनएमडीए रिसेप्टरविरोधी मेंदूज्वराचा विकार होझेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ओळखला. त्यात भ्रम, चित्रविचित्र हालचाली, फिट असं सगळं असतं, तरी बहुतांश रुग्णांचा एमआरआय स्वच्छ येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल’ ऐकून अशा तरुणीला मनोरुग्ण ठरवलं जातं. तिला वाचवणारी माहिती म्हणजे क्रम : आधी ताप-डोकेदुखी, मग काही दिवसांत वागणं बदललं, मग झटके. तो क्रम ऐकून कुणीतरी पाठीतल्या पाण्यात प्रतिपिंडं शोधायला सांगतो, बीजाशयात गाठ आहे का ते तपासतो, आणि उपचार मिळालेल्यांपैकी बहुतेक जण सावरतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लकव्यात मिनिटं मोलाची असतात, मग गोष्टी सांगत बसायचं का? पण तिथंही पहिला निर्णय घड्याळावरच घेतला जातो. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध तीन तासांत दिल्यास उपयोगी ठरतं, हे १९९५ मध्ये सिद्ध झालं. २००८ मध्ये ती मुदत साडेचार तासांवर गेली. हे तास मोजतात ते माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथून. नवरा सकाळी सहाला वाकड्या तोंडानं उठला आणि बायकोनं त्याला पहाटे पाचला बाथरूमला नीट जाताना पाहिलं असेल, तर तिचं हे एक वाक्य त्याला औषधाच्या मुदतीत बसवू शकतं. तेव्हा ‘थोडं पडून बघा’ म्हणायचं नाही. १०८ ला फोन लावायचा, सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं आणि वाटेत वेळ आठवायची. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच आलेल्या मुंग्यांना घरच्या घरी अर्धशिशी ठरवणं हाही तसाच आत्मघात.

घाबरलेल्या जोडीदाराच्या आठवणीवर भरवसा किती ठेवायचा, ही शंकाही खोटी नाही. आकडीच्या वेळी डोळे उघडे असणं हे अपस्माराचं, तर घट्ट मिटलेले असणं हे कार्यात्मक (अपस्मारासारख्या दिसणाऱ्या, पण अपस्माराच्या नसलेल्या) झटक्याचं चांगलं लक्षण आहे, असं व्हिडिओ-चित्रणांवरून दिसलं आहे. मात्र प्रत्यक्षदर्शींना नंतर विचारलं, तर डोळे उघडे होते की मिटलेले हे ते पुष्कळदा चुकीचं सांगतात. यावरचा उपाय खिशात असतो. मोबाइलवर झटक्याचं चित्रण करावं, चेहरा चौकटीत ठेवून. लाज वाटते, जवळच्या माणसाचं असं शूटिंग करणं क्रूर वाटतं. पण तज्ज्ञाच्या दृष्टीनं ते अर्धा मिनिट म्हणजे सोनं असतं. तारखा आणि वेळा त्याच दिवशी कागदावर उतरवाव्यात.

आता औषधाचा प्रश्न. आपल्याकडे कारण सापडण्याआधीच इलाज सुरू होतो, आणि तो कधीकधी पुरावाच पुसून टाकतो. हातापायांना मुंग्या आल्या की गल्लीतला दवाखाना बी-१२ चं इंजेक्शन टोचतो. शाकाहारी किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसाला खरंच बी-१२ कमी असू शकतं. पण इंजेक्शननंतर रक्तातली पातळी भरपूर दिसते आणि खरं दुखणं तेच होतं की दुसरं, हे ठरवता येत नाही. स्टिरॉइडचं त्याहून वाईट : मेंदूतला लिम्फोमा नावाचा कर्करोग स्टिरॉइडनं काही काळ विरघळल्यासारखा दिसेनासा होतो, आणि मग बायोप्सीत काहीच हाती लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलियन-बारे विकाराचे रुग्ण अचानक वाढले. पायांपासून वर चढत जाणाऱ्या या अशक्ततेत नुसत्या स्टिरॉइडचा उपयोग होत नाही; इम्युनोग्लोबुलिन किंवा रक्तद्रव बदलणं हाच उपाय. तिथंही सुगावा होता तो एक ते तीन आठवड्यांपूर्वीच्या जुलाबांचा, कारण कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचा संसर्ग होऊन गेल्यावर हा आजार उद्भवू शकतो. पाय चालेनासे झालेला माणूस मागच्या पंधरवड्यातलं पोट सहसा आपणहून सांगत नाही. बायकोला ते नक्की आठवतं.

उरतो तो सगळ्यात बोचरा आक्षेप : एवढं करूनही काही सापडलं नाही की डॉक्टर ‘टेन्शन आहे’ म्हणून मोकळे होतात. एके काळी तसं होतंही. एलियट स्लेटर या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९६५ मध्ये ‘हिस्टेरिया’ हे निदान म्हणजे अज्ञानावरचं पांघरूण आहे, अशी टीका केली, ती उगाच नव्हती. पण २००५ मध्ये जुन्या-नव्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा चुकीच्या निदानाचं प्रमाण १९५० च्या दशकातल्या २९ टक्क्यांवरून १९७० नंतर ४ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. आज कार्यात्मक विकाराचं, म्हणजे पूर्वीच्या ‘हिस्टेरिया’चं, निदान करायचं ते अंगावर सापडणाऱ्या खुणांवरून. रिपोर्ट कोरे आले एवढं कारण पुरत नाही. १९०८ मध्ये चार्ल्स हूव्हर यांनी सांगितलेली खूण अजून वापरतात. रुग्णाला उताणं झोपवून लुळ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवायचा आणि टाच खाली दाबायला सांगायची. जोर लागत नाही. मग चांगला पाय उचलायला सांगायचा. त्याच क्षणी लुळी टाच हातावर घट्ट दाबली जाते. ताकद शाबूत आहे, तिच्यापर्यंत मुद्दाम पोचण्याची वाट तेवढी बिघडली आहे. हे सोंग नव्हे. रुग्णालाही त्याचा पत्ता नसतो. म्हणून अनेक तज्ज्ञ ही चाचणी रुग्णाला आणि शेजारी उभ्या जोडीदाराला मुद्दाम करून दाखवतात, आणि पाय पुन्हा चालवण्यासाठी फिजिओथेरपिस्टचं काम तिथूनच सुरू होतं.