जॅक उचलतो, घोडी पेलते

मुंबईत दादर पूर्वेच्या नायगावात स्वतःचे बंद गॅरेज असणारी घरे थोडीच. हा भाग चाळींचा आणि पोलीस वसाहतीचा. गाड्या उभ्या राहतात त्या रस्त्याच्या कडेला, नाहीतर इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेत. गाडीची लहानसहान दुरुस्तीही तिथेच चालते. रविवारी सकाळी फेरफटका मारला, तर एखादी गाडी एका बाजूने वर उचललेली आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले तुम्हांला दिसतील.

हे दृश्य पाहिले, की दोन प्रश्न मनात यायला हवेत. पहिला, एवढी जड गाडी एकट्या माणसाने उचलली कशी? आणि दुसरा, ती वर राहिली आहे ती कशाच्या आधारावर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. दुसऱ्याच्या उत्तरावर त्या माणसाचा जीव अवलंबून आहे!

वजन किती उचलायचे?

मुंबईची ओळख बनलेली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवते का? कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. तिचे वजन सुमारे ९०० किलोग्रॅम होते. आजच्या पुष्कळशा लहान गाड्याही याच वजनाच्या आसपास असतात. मात्र चाक बदलताना आपण सगळी गाडी उचलत नाही, तिचा एक कोपरा उचलतो. इंजिनाकडची बाजू अधिक जड असते, म्हणून एका कोपऱ्याचा भार साधारण एक-तृतीयांश, म्हणजे ३०० किलोग्रॅम धरू. धान्याची ५० किलोची पोती घेतली, तर ती सहा झाली!

कागदाचा त्रिकोण आणि मळसूत्र

एक प्रयोग करा. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून तो उभ्या बाजूने पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीभोवती वळसे घेत वर चढलेली दिसेल. हेच मळसूत्र, म्हणजे स्क्रू. स्क्रू ही गुंडाळलेली उतरणच होय. घाटातला रस्ता जसा डोंगराला वळसे घालीत हळूहळू वर नेतो, तसा स्क्रू ओझ्याला हळूहळू वर नेतो.

समजा, स्क्रू-जॅकचा दांडा २० सेंटिमीटर लांब आहे. दांड्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे हाताचा सुमारे १,२५६ मिलिमीटर प्रवास. तेवढ्यात स्क्रू वर चढतो फक्त ४ मिलिमीटर. १,२५६ ला ४ ने भागा, उत्तर ३१४. म्हणजे हिशेबाप्रमाणे ३०० किलोग्रॅमचा भार जेमतेम १ किलोग्रॅमच्या जोराने उचलला गेला पाहिजे. प्रत्यक्षात तीन-चार पट जोर लागतो, कारण घर्षण. मात्र जोर वाचला, तरी अंतर वाचत नाही. गाडी २० सेंटिमीटर उचलायला दांड्याचे ५० फेरे द्यावेच लागतात.

घर्षणाला नावे ठेवण्याआधी थोडे थांबा. दांडा सोडून दिला, तर गाडीच्या वजनाने स्क्रू उलटा फिरून खाली का येत नाही? त्याची चढण इतकी मंद असते, की घर्षण ओझ्याला घसरू देत नाही. असा आपणहून न उलटणारा स्क्रू आपल्या श्रमांतला निम्म्याहून अधिक भाग घर्षणात घालवतो. आपल्या श्रमांचा चोर तोच आपला राखणदार! रेल्वेच्या शेडमध्ये अवजड डबे उचलण्यासाठी विजेवर चालणारे स्क्रू-जॅक वापरतात, त्यांतही हाच गुण उपयोगी पडतो.

तेलाची करामत

दुसरा प्रकार तेलावर चालणाऱ्या, म्हणजे हायड्रॉलिक जॅकचा. यामागचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने सांगितला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. या नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली घेतले.

घरी पाहायचे असेल, तर सुया काढलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या घ्या, एक लहान आणि एक मोठी. त्या पाण्याने भरून बारीक नळीने जोडा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. लहान पिचकारीचा दट्ट्या एका बोटाने दाबा आणि मित्राला मोठीचा दट्ट्या अंगठ्याने अडवायला सांगा. मित्र हरेल!

जॅकच्या लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ४ सेंटिमीटर असेल, तर क्षेत्रफळे १६ पट. दांड्याच्या तरफेने आणखी १५ पट. १६ गुणिले १५, म्हणजे २४० पट जोर. म्हणून शाळकरी मुलगाही दांडा वरखाली करून गाडी उचलू शकतो.

मग भीती कसली?

स्क्रू-जॅकमध्ये ओझे पोलादावर टेकलेले असते. तेलाच्या जॅकमध्ये ते कोंडलेल्या तेलावर टेकलेले असते आणि ते तेल अडवणारे असतात रबरी वायसर आणि लहानशी झडप. वायसर जुना झाला किंवा झडपेत कचऱ्याचा कण अडकला, की तेल निसटू लागते. किती? वर घेतलेल्या जॅकमध्ये सुमारे ६३ घन सेंटिमीटर तेल निसटले, की दट्ट्या ५ सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे कटिंग चहाच्या एका पेल्याएवढे तेल! शिवाय ते बाहेर सांडेलच असे नाही. झडपेतून ते जॅकच्याच टाकीत परत जाऊ शकते. बाहेर थेंबही दिसत नाही आणि गाडी खाली येत असते.

मग स्क्रू-जॅक लावून गाडीखाली शिरावे का? तेही नाही. तो आपणहून उतरत नसला, तरी त्याची बैठक अरुंद असते. गाडी जरा पुढेमागे सरकली, की तो कलंडतो.

म्हणून जाणते मेकॅनिक जॅकने गाडी उचलतात आणि लगेच तिच्याखाली पोलादी स्टँड लावतात. याला घोडी असेही म्हणतात. रुंद पाय, मध्ये उंची बदलणारा खांब आणि तो अडकवणारी खीळ किंवा दाते. यात तेल नाही, झडप नाही, सरकणारे काही नाही. घोडीला गाडी उचलता येत नाही. पण पेलण्याचे काम तिच्याइतके चोख दुसरे कोणी करीत नाही. घोडीच्या जागी विटा मात्र कधीही रचू नयेत. वीट सारख्या पसरलेल्या दाबाला टिकते, पण एका टोकावर भार आला, की पूर्वसूचना न देता फुटते.

पायाखालची जमीन

नायगावसारख्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पेव्हर ब्लॉक वाळूवर बसवलेले असतात. पावसाळ्यात खालची वाळू वाहून जाते. चैत्र-वैशाखात डांबर मऊ होते. जॅकची बैठक १० सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद असेल, तर ३०० किलोग्रॅम भार १०० चौरस सेंटिमीटरवर येतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम. खाली ३० सेंटिमीटर चौरस जाड, भक्कम फळी ठेवली, की तोच भार ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब एक-तृतीयांश किलोग्रॅमवर येतो.

चाकांना पाचर लावणेही तितकेच महत्त्वाचे. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे ती हलणार नाही, असे अनेकांना वाटते. पण इंजिनाचा जोर ज्या दोन चाकांना मिळतो, त्यांच्यामध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची रचना असते. त्यांपैकी एक चाक अधांतरी झाले, की ते मोकळे फिरते आणि गिअरची पकड सुटते. म्हणून हँडब्रेक ओढून, जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून आणि मागून पाचर लावावी.

घरासाठी काय घ्यावे?

घरचे लोक गाडी उचलण्याचे साहित्य घेणार असतील, तर त्यांना हे सांगा. गाडीबरोबर मिळणारा स्क्रू-जॅक फक्त चाक बदलण्यासाठी. सपाट, टणक फरशी असेल, तर चाकांचा ट्रॉली-जॅक उत्तम. त्याचा हात वर जाताना कमानीसारखा वळतो, म्हणून जॅकला पुढे सरकावे लागते. खडबडीत जमिनीवर त्याची चाके अडतात आणि गाडी त्याच्या डोक्यावरून निसटू शकते. तिथे फळीवर ठेवलेला बाटलीच्या आकाराचा उभा जॅक बरा. पण टायर बसलेल्या गाडीखाली तो शिरतो का, हे आधी मोजून पाहावे. लहान गाडीला २ टन क्षमतेचा आणि मोठ्या गाडीला ३ टनांचा जॅक पुरतो. तो टेकवायची जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. भलत्याच जागी टेकवला, तर पत्रा दबतो. सर्व्हिस स्टेशनसारखी दोनखांबी लिफ्ट घरी नको. तिला जाड काँक्रीटची जमीन आणि उंच छत लागते.

आणि जॅक कोणताही घेतला, तरी त्याच दिवशी, त्याच दुकानातून दोन घोड्याही घ्याव्यात. पैसे कमी पडत असतील, तर जॅक साधा घ्यावा, पण घोड्या सोडू नयेत.

तुम्ही स्वतः गाडीखाली जाऊ नका. मात्र पुढच्या वेळी कुणी उचललेल्या गाडीखाली शिरताना दिसले, तर खाली वाकून पाहा आणि निःसंकोचपणे विचारा, "काका, घोडी लावली का?"