पॉलिनेशिया कप नावाची चाळणी

३१-० हा निकाल फुटबॉल पाहणाऱ्या बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. ११ एप्रिल २००१, कॉफ्स हार्बर, ऑस्ट्रेलिया विरुद्ध अमेरिकन सामोआ. एकट्या आर्ची थॉम्प्सनचे तेरा गोल, डेव्हिड झ्ड्रिलिकचे आठ. मोजणाऱ्यांचीही तारांबळ उडाली आणि धावफलकावर आधी ३२ लागले. या सामन्यावर भरपूर लिहून झालं आहे, त्यातलं निम्मं टिंगलीचं. जुने निकाल आणि गुणतक्ते वाचत बसण्याचा मला नाद आहे. त्या नादात माझं लक्ष दरवेळी या सामन्याच्या आदल्या वर्षाकडे जातं. २००० साली एक स्पर्धा शेवटची खेळली गेली आणि गुपचूप बंद पडली. तिचं नाव पॉलिनेशिया कप. तिच्या बंद पडण्याचा आणि त्या एकतीस गोलांचा संबंध कुणी फारसा जोडत नाही, म्हणून हा खटाटोप.

स्पर्धा होती नव्वदच्या दशकातली. ताहिती, कुक बेटं, सामोआ, टोंगा आणि १९९८ साली फिफात दाखल झालेलं अमेरिकन सामोआ हे तिचे भिडू. पश्चिमेकडच्या बेटांसाठी मेलानेशिया कप वेगळा होता, तोही २००० सालीच संपला. ओशनिया नेशन्स कपमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या पंगतीत, कोणाला बसवायचं ते ठरवण्यासाठी या दोन चाळण्या होत्या. सामोआ आणि टोंगात पोरं रग्बी खेळतात, अमेरिकन सामोआत अमेरिकन फुटबॉल. फ्रेंचांच्या ताहितीत मात्र आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ रुजलेला. त्यामुळे अजिंक्यपदाची चुरस अशी फारशी नव्हतीच. १९९८ आणि २००० दोन्ही वेळा ताहिती पहिलं, कुक बेटं दुसरी.

दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस काय मिळालं ते बघा. १९९८ मध्ये कुक बेटं ब्रिस्बेनला गेली आणि ऑस्ट्रेलियाकडून १६-० ने हरली. २००० मध्ये पुन्हा गाठ पडली, या वेळी १७-० ने. अठरा-वीस हजार वस्तीच्या देशाने घाम गाळून पात्रता मिळवायची ती यासाठी! तरीही ही स्पर्धा मला शहाणपणाची वाटते. कुक बेटांनी ते सोळा-सतरा गोल खाल्ले ते निदान चार शेजाऱ्यांशी खेळून, स्वतःची जागा कमावून. आणि बाकीचे तिघे त्या भट्टीतून वाचले.

विश्वचषकाच्या पात्रता फेरीचीही एके काळी अशीच रीत होती. १९९६ साली टोंगा, कुक बेटं आणि सामोआ आधी आपापसांत टोंगात भिडले. टोंगाने दोन्ही सामने जिंकले, मग त्यांची गाठ सॉलोमन बेटांशी पडली. तिथे टोंगा ४-० आणि ९-० असं हरलं. त्या सॉलोमन बेटांना पुढे ऑस्ट्रेलियाने तेरा गोल मारले. उतरंड निर्दय होती, पण प्रत्येक पायरीवर कोणीतरी कोणाला तरी हरवलेलं होतं. २००२ च्या विश्वचषकासाठी ओशनियाने ही उतरंडच मोडली. दहा देश, पाच-पाचांचे दोन गट, एक गट एका गावात आणि दहा दिवसांत सगळं उरकायचं. एका गटात ऑस्ट्रेलिया, फिजी, टोंगा, सामोआ, अमेरिकन सामोआ. कागदावर किती सुटसुटीत! ज्यांनी हा कागद केला, त्यांनी आदल्या दोन नेशन्स कपांमधले कुक बेटांचे निकाल उघडून पाहिले असते तर पुढचं सगळं तिथेच दिसलं असतं. ९ एप्रिलला ऑस्ट्रेलियासमोर टोंगा २२-० ने गेलं, तोही तेव्हा जागतिक विक्रमच. तो दोन दिवस टिकला.

पण अमेरिकन सामोआचा संघ त्या दिवशी मुळात तिथला संघच नव्हता. इथे फुटबॉल बाजूला ठेवून शंभर वर्षं मागे जायला हवं. १८९९ साली जर्मनी आणि अमेरिकेने सामोआची बेटं वाटून घेतली. पश्चिमेकडची जर्मनीला, पूर्वेकडचं तुतुइला अमेरिकेला. पश्चिमेचा भाग १९१४ मध्ये न्यूझीलंडने घेतला आणि १९६२ मध्ये तो स्वतंत्र झाला. पूर्वेचा आजही अमेरिकेकडे आहे. माणसांनी ही रेघ कधीच मनावर घेतली नाही. भाषा एक, कुळं एक, सोयरिकी इकडून तिकडे. पूर्वेकडच्या पागो पागोतल्या ट्यूना डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत काम करायला पश्चिमेकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली, त्यांची मुलं तिथेच खेळू लागली. कॉफ्स हार्बरच्या सामन्यांच्या तोंडावर फिफाने सांगितलं की खेळाडूकडे अमेरिकी पासपोर्ट हवा. निवडलेल्या वीस जणांपैकी एक सोडून सगळे बाद. वीस वर्षांखालच्या संघातली मुलं बोलवावीत, तर त्यांच्या शाळेच्या परीक्षा चालू. अखेर जो मिळेल तो घेतला. त्यांत पंधरा वर्षांची तीन मुलं होती. संघाचं सरासरी वय अठरा.

त्यातही गंमत अशी की तुतुइलावर जन्मलेल्या माणसाला अमेरिका नागरिक मानत नाही. तो फक्त ‘नॅशनल’, आणि त्याच्या पासपोर्टवर तसा शेराही मारलेला असतो. वॉशिंग्टनने ज्यांना पुरतं आपलं म्हटलं नाही, ते झ्युरिकच्या फिफाच्या हिशेबी तेवढे अस्सल ठरले आणि त्यांचे शेजारी उपरे. नियम नियम असतो हे मान्य, पण तो कोणाच्या नकाशावरून बेतलाय हेही बघावं की नाही?

वीसांतून उरलेला तो एकटा म्हणजे गोलरक्षक निकी सालापू. मध्यंतराला सोळा गोल झाले होते, उत्तरार्धात आणखी पंधरा. चार सामन्यांत मिळून अमेरिकन सामोआने ५७ गोल खाल्ले आणि एकही केला नाही. पुढे सालापू सिएटलला राहायला गेला. तिथे तो व्हिडिओ गेममध्ये अमेरिकन सामोआ विरुद्ध ऑस्ट्रेलिया असा सामना लावायचा, ऑस्ट्रेलियाचा कंट्रोलर कोणाच्याच हातात द्यायचा नाही आणि गोलांमागून गोल मारत बसायचा. एका माहितीपटातून हे जगाला कळलं. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ज्याने तो सामना आखला त्यानेही असंच केलं होतं, फक्त कंट्रोलर उलट बाजूचा ठेवला होता.

एकतीस गोलांनंतर सगळ्यांना चाळणीची आठवण झाली. २००६ मध्ये ऑस्ट्रेलिया ओशनिया सोडून आशियात गेलं तो भाग रटाळ आहे, तो सोडतो. २०११ मध्ये विश्वचषक पात्रतेची पहिली फेरी सामोआच्या आपियात झाली. संघ चार: सामोआ, अमेरिकन सामोआ, टोंगा, कुक बेटं. म्हणजे ताहिती वजा केलेला पॉलिनेशिया कपच, फक्त नाव आणि करंडक नव्हता. २२ नोव्हेंबरला अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ ने हरवलं. फिफाच्या मान्यतेतला हा त्यांचा पहिला विजय. रामिन ऑट आणि शालोम लुआनीचे गोल, सालापू पुन्हा गोलात, आणि बचावफळीत जाया साएलुआ. ती फाफाफिने, म्हणजे सामोआच्या समाजाने पूर्वापार मान्य केलेल्या तिसऱ्या लिंगाची. शेवटच्या मिनिटांत गोलरेषेवरून चेंडू तिनेच परतवला. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात खेळलेली ती पहिली ट्रान्सजेंडर खेळाडू. टोंगात तेव्हा २३ तारीख उजाडलेली होती, मधे वाररेषा येते म्हणून. महिन्याभराने सामोआनेही ३० डिसेंबर गाळून रेषेपलीकडे उडी मारली आणि दोन्ही सामोआंमध्ये आता तारखेचीही भिंत उभी आहे.

कपाचा जुना राजा ताहिती २०१२ मध्ये ओशनियाचा विजेता झाला. २०१३ मध्ये ब्राझीलच्या माराकाना मैदानावर त्यांना स्पेनने दहा गोल मारले. त्यावर सिनेमे निघाले नाहीत, पण ब्राझीलच्या प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

माझा सगळ्यांत लाडका तक्ता मात्र २०१५ चा आहे. टोंगातलं नुकुआलोफा, पुन्हा पहिली फेरी, तेच चार संघ. टोंगाला तिघांनीही हरवलं. शिवाय अमेरिकन सामोआने कुक बेटांना हरवलं, कुक बेटांनी सामोआला, सामोआने अमेरिकन सामोआला. तिघांचे सहा-सहा गुण. सामोआचा गोलफरक तीन, उरलेल्या दोघांचा दोन-दोन. ज्या संघाने एका दुपारी एकतीस गोल खाल्ले होते, तो एका गोलाच्या फरकाने मागे राहिला. सामोआ पुढच्या वर्षी नेशन्स कपसाठी पोर्ट मोर्सबीला गेलं आणि ताहितीकडून चार, न्यू कॅलेडोनियाकडून सात, पापुआ न्यू गिनीकडून आठ गोल खाऊन परतलं.