पानाचा हिशेब

कलकत्त्याच्या न्यू टाउनमध्ये राहणाऱ्याला जुन्या हॉटेलात जेवायचं असेल तर आधी न्यू टाउनमधून बाहेर पडावं लागतं. ही वसाहत आखणारी हिडको कंपनीच मुळी १९९९ सालची, त्यामुळे इथली बहुतेक हॉटेलं माझ्या मुलीपेक्षा वयाने लहान. विश्व बांगला गेटच्या अधांतरी कड्यात काचेआड बसून जेवता येतं. इको पार्कच्या दारातल्या मिष्टी हबमध्ये कलकत्त्याच्या नामांकित मिठाईवाल्यांच्या शाखा एका ओळीत मांडल्या आहेत. संदेश चांगला असतो, तक्रार नाही. पण शाखेत जुनं असतं ते फक्त पाटीवरचं साल.

म्हणून सुट्टीच्या दिवशी सेक्टर फाइव्हहून मेट्रोने सियालदह आणि तिथून पायी कॉलेज स्ट्रीट. जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांतून वाट काढत प्रेसिडेन्सीजवळच्या भवानी दत्त लेनमध्ये शिरलं की ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’ लागतं. ओडिशातून आलेल्या मनगोविंद पंडा यांनी काढलेली ही खानावळ आता शंभरीच्या घरात आहे. पाटीवर ‘स्वाधीन भारत’ चढलं ते स्वातंत्र्यानंतर. सुभाषबाबू इथे जेवायचे, असं सगळेच सांगतात. अशा खानावळींना इथे ‘पाइस हॉटेल’ म्हणतात. रुपयाचे चौसष्ट पैसे होते त्या काळात चार पैशांत पोट भरायची ती जागा.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट कळते ती अशी की स्वतंत्र टेबल वगैरे भानगड नाही. रिकामी दिसेल त्या खुर्चीवर अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून बसायचं. पुढ्यात केळीचं पान येतं आणि पानापाठोपाठ वाढपी. छापलेलं मेनूकार्ड नाही. भिंतीवर फळा आहे, पण तो वाचेपर्यंत वाढपीदादांनी तोंडाने यादी सुरू केलेली असते: पाबदा, पार्शे, ट्यांग्रा, रुई, कातला, चिंगडी... एका श्वासात. नवखा माणूस हमखास शेवटचं ऐकू आलेलं नाव सांगून मोकळा होतो.

शहाण्याने घाई करू नये. बंगाली जेवण ओळीने चालतं. आपल्याकडे पान वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, अशी सगळी मांडणी आधी होते आणि मग जेवणारा हात फिरवतो. इथे एका वेळी एकच. आधी कडू, म्हणजे शुक्तो; मग डाळ आणि तिच्या जोडीला काही तळलेलं; मग भाजी, आलू पोस्तो (खसखशीतले बटाटे) किंवा मोचा (केळफूल); मग मासा; शेवटी आंबटगोड चटणी आणि पापड. भात सगळ्याला सोबत. प्रत्येक पदार्थ वेगळा मागायचा, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. भाताचे वेगळे, लिंबाच्या फोडीचे वेगळे, आणि ज्या पानावर जेवलात त्या पानाचेसुद्धा.

पुण्यातल्या टिळक रस्त्यावरच्या ‘बादशाही’त जेवून वाढलेल्या माणसाला हे फार कद्रू वाटतं. पानाचे पैसे? मलाही पचायला वेळ लागला. आपली थाळी एका ठरल्या दरात सगळं वाढते. कुणी दोन पोळ्या खाल्ल्या काय नि आठ काय. तिचा उदारपणा खरा आहे, पण तो पूर्ण थाळीचे पैसे खिशात असलेल्यासाठी. इथला हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडलेला. खेड्यातून कलकत्त्यात येऊन मेसबाडीत, म्हणजे सामायिक बिऱ्हाडात, राहणारे विद्यार्थी आणि कारकून हे या हॉटेलांचं मूळ गिऱ्हाईक. महिन्याच्या एक तारखेला त्यांनी चितळ मासा मागावा, पंचवीस तारखेला नुसता डाळ-भात, आणि दोन्ही दिवशी त्याच बाकावर, त्याच वाढप्याकडून मागावं. विभूतिभूषण बंदोपाध्यायांची ‘आदर्श हिंदू हॉटेल’ ही १९४० ची कादंबरी अशाच एका हॉटेलातल्या हाजारी ठाकूर नावाच्या स्वयंपाक्याची आहे. हॉटेलातल्या आचाऱ्याला नायक करावंसं वाटणं, हे बंगालमध्येच घडू जाणे.

माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी भात, डाळ आणि एक तळणीचा तुकडा एवढंच घेतलं. माझ्या पानावर तोवर पोस्तो, पार्शेचं झोल (पातळ कालवण) आणि चिंगडी आलेली. वाढप्याच्या आवाजात दोघांसाठी तिळमात्र फरक नव्हता. “आर भात लागबे?” दोघांनाही तितक्याच घाईत.

खरी करामत पुढे आहे. एकेक वाढपी चार-पाच पानांवर लक्ष ठेवून असतो, आणि कुणी काय घेतलं ते कागदावर नसतं. हात धुवून तुम्ही गल्ल्याकडे निघालात की तो मागून ओरडतो: दोन भात, डाळ, पोस्तो, पार्शे, चिंगडी, चटणी, लिंबू, पान. गल्ल्यावरचा माणूस त्या सुरातच बेरीज करत जातो. मी मनातल्या मनात ताडून पाहत होतो. नंतर मागितलेली लिंबाची फोडसुद्धा त्यात होती. पदार्थ ज्या ओळीने पानावर आले त्याच ओळीने तो म्हणतो. सगळं एकदम वाढलं असतं तर हे कुणाच्या लक्षात राहिलं असतं, अशी मला शंका आहे.

फळ्यामागेही असाच हिशेब आहे. सकाळच्या बाजारात मासा जसा मिळेल तसा तो खडूने लिहायचा आणि संपला की पुसायचा. शिळं ठेवायचा प्रश्न नाही, म्हणून दर रोज बदलायलाही कुणाची हरकत नाही. जुन्या हॉटेलांवर लिहिताना आजीच्या वहीतल्या मसाल्याचं गूढ उगाच फार उगाळलं जातं. झोल कलकत्त्यातल्या पुष्कळ घरांत याहून चांगलं होतं. इथे टिकलं आहे ते रोजचं गणित: आणलं तेवढं रांधलं, रांधलं तेवढं विकलं. हे उचलून मॉलमध्ये नेता येत नाही, कारण मॉलच्या भाड्याला दुपारी दोनला पुसलेला फळा परवडायचा नाही.

जायचं असेल तर एकच्या आत पोचा, सुटे पैसे ठेवा आणि चितळ मागण्याआधी त्या दिवसाचा दर विचारा. उशीर झालाच तर फळ्यावर रुई उरलेला असतो, आणि तोही न मिळाल्यास कॉलेज स्क्वेअरच्या कडेला १९१८ पासूनचं ‘पॅरामाउंट’ आहे. तिथलं शहाळ्याचं सरबत आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी सुचवलेलं म्हणतात. जेवणाऐवजी ते पुरत नाही, पण सियालदहपर्यंत परत चालायला पुरतं.