कौतिक बोलते तेव्हा

उद्धव शेळके यांचा जन्म वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. त्यांची 'धग' ही कादंबरी आली १९६० मध्ये. तेव्हा तिशीच्या आसपास असलेल्या एका पुरुषाने कौतिक ही नायिका लिहिली. लेकरांची आई, महादेवसारख्या हातपाय गाळून बसणाऱ्या नवऱ्याची बायको, आणि सगळा संसार एकटीने ओढणारी बाई. 'धग' कितीदाही उघडली तरी माझं नवल ओसरत नाही. या माणसाला हे सगळं कळलं कसं?

अर्धं उत्तर सोपं आहे. मुलूख त्यांचा होता, बोली त्यांची होती. कौतिकचं बाईपण मात्र त्यांचं नव्हतं. इथेच मला पात्रनिर्मितीचं मोठं गुपित दिसतं. लेखक कुठल्याही पात्राला पुरता आपला नसतो आणि पुरता परकाही नसतो. गावाने, भाषेने तो घरचा असेल, तर देहाने, जातीने, वयाने किंवा धर्माने बाहेरचा असेल. आपण नेमके कुठे बाहेरचे आहोत हे ज्याला कळतं, तो तिथे कान जास्त उघडे ठेवतो.

'धग'मधली माणसं वऱ्हाडीत बोलतात. आज यात विशेष वाटणार नाही. पण बोलीत बोलणारा म्हणजे गडी, मोलकरीण किंवा हसवायला आणलेलं पात्र, ही सवय आपल्या नाटक-सिनेमांतून अजूनही गेलेली नाही. शेळक्यांनी त्याच बोलीत राग, लाज, माया, अपमान सगळं तोलून धरलं. बोलीची चव आणायला 'मला'चं 'मले' आणि 'डोळा'चं 'डोया' करून भागत नाही. तेवढं कुणीही चार दिवसांत शिकेल. खरी कसोटी हाकेत आहे. बाईला हाक मारताना 'व', बाप्याला 'गा', बरोबरीच्या दोस्ताला 'बे'. नवऱ्याचं नाव न घेता पोराच्या नावाने त्याला बोलावणं. या एवढ्याशा अक्षरांत कोण कुणाहून थोर, कोण कुणाच्या जवळचं, कोण कुणावर रुसलंय, हे सगळं नातं भरलेलं असतं. हाक चुकली की पात्र कोसळतं, मग वर्णन कितीही सुंदर असो.

मार्क ट्वेनने १८८४ च्या 'हकलबेरी फिन'च्या सुरुवातीलाच वाचकांना सांगून ठेवलं होतं की पुस्तकात अनेक बोली आहेत आणि त्या अंदाजपंचे लिहिलेल्या नाहीत. मिसिसिपीकाठच्या त्या लेखकाला जी काळजी होती तीच वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या या लेखकाला होती, याचा मला फार आनंद होतो.

दुसरी गोष्ट कौतिकच्या स्वभावाची. गरीब बाई लिहायला घेतली की लेखणी आपोआप तिला देवी करायला जाते. सोसणारी, क्षमा करणारी, कधीच न चुकणारी. कौतिक तशी नाही. ती स्वाभिमानी आहे आणि हट्टीही आहे. तिच्या हट्टाने कधी घर तरतं आणि कधी वाचकाचा जीव वर-खाली होतो. चुकण्याचा हक्क मिळाला की पात्र माणूस होतं. ज्या समाजातला लेखक स्वतः नाही, त्या समाजातल्या पात्राला हा हक्क द्यायला तो फार बिचकतो, असं मला दिसतं.

तिसरी गोष्ट कामाची. आमच्याकडचं कापसाचं शेत लिहायला बाहेरचा लेखक आला की त्याला पांढरं फुललेलं रान दिसतं. ओटी बांधून वेचणाऱ्या बाईची मजुरी वजनावर असते. तिला दिसतो काटा. आज किती भरलं, त्यात तेल-मीठ किती येईल, नखाशी बोंडाचं टोक किती टोचलं. डोळे एकच रान बघतात, पण कष्ट कुणाचे त्यावर दिसणं बदलतं.

आणि 'विदर्भातली बाई' असा काही साचा नाहीच. 'धग'च्या आदल्याच वर्षी, १९५९ मध्ये, विनोबांनी वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या स्त्रियांनी संसार न मांडता, एकमताने निर्णय घेत तिथे सामूहिक जीवन उभं केलं. त्यांच्या तोंडी कौतिकचं बोलणं घालून बघा, एक वाक्यही टिकणार नाही. मुलूख तोच, काळही जवळपास तोच.

वर्ध्यावरून पु. शि. रेगे आठवतात. १९६९ मध्ये तिथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांची 'सावित्री' ही कादंबरी १९६२ ची, 'धग'नंतर दोनच वर्षांनी आलेली. पुन्हा पुरुष लेखक, पुन्हा बाई नायिका, आणि रीत अगदी उलटी. सगळी कादंबरी म्हणजे सावित्रीने लिहिलेली पत्रं. पलीकडून आलेली उत्तरं आपल्याला दिसतच नाहीत. तिच्याबद्दल बोलायला मध्ये कुणी उभंच नाही, लेखकसुद्धा नाही. वाचक थेट तिच्या मनात उतरतो.

दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. रेग्यांच्या रीतीने कौतिक लिहिताच आली नसती. पत्र लिहायला निवांत दुपार लागते, कागद लागतो, आपलं मन उलगडून ऐकवावं असं दूरचं कुणी लागतं. कौतिकजवळ यातलं काही नाही. तिच्याजवळ आहे ते राबणं, आणि राबता राबता समोरच्याला तोडून किंवा जोडून बोलणं. म्हणून शेळक्यांनी तिला बोलतं ठेवलं, आणि तिच्या मनात काय चाललंय ते आपण तिच्या तोंडून नि हातांतून ओळखायचं ठेवलं.