माउस, टायमर आणि पर्सेंटाइल

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत सीईटीच्या केंद्राबाहेर ठरावीक वाक्यं कानावर पडतात. ‘आमच्या शिफ्टला गणित फारच टफ होतं.’ ‘रिव्ह्यूला टाकलेले प्रश्न गेलेच आता.’ ‘कागदावर असतं ना, तर वीस मार्क जास्त पडले असते.’ पेपर देऊन आलेल्या मुलांपेक्षा बाहेर उन्हात ताटकळलेले पालकच या वाक्यांवर अधिक विश्वास ठेवतात आणि पुढच्या वर्षी तीच धाकट्या भावंडाला ऐकवतात. एमएचटी-सीईटी 2019 पासून संगणकावर होते. अभियांत्रिकीची जेईई मेनही त्याच वर्षापासून पूर्णपणे संगणकावर गेली. परीक्षा आता जुनी झाली, पण तिच्याविषयीच्या समजुती अजून कागदी ओएमआर उत्तरपत्रिकेच्या जमान्यातल्या आहेत.

या अविश्वासाला आपल्याकडे एक पार्श्वभूमीही आहे. मुंबई विद्यापीठाने 2017 साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. तिथे मुलांनी कागदावरच लिहिलं होतं आणि तपासणारी माणसंच होती. संगणक फक्त मधला वाहक होता. पण ‘ऑनलाइन म्हणजे घोळ’ हे समीकरण घराघरांत तेव्हापासून पक्कं झालं.

‘टायपिंग येणारी शहरी मुलंच पुढे जातात’

जेईई मेनमध्ये कीबोर्ड वापरायचाच नसतो. पर्याय माउसने निवडायचा आणि अंकी उत्तर असेल तर पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांवर क्लिक करायचं. सीईटीत तर सगळे प्रश्न बहुपर्यायीच. कच्च्या कामाला कागद मिळतो. तेव्हा टायपिंगच्या वेगाची धास्ती निराधार आहे.

पण म्हणून ‘कागद काय आणि पडदा काय, सारखंच’ असं म्हणणारेही चुकतात. कागदावरचं आणि पडद्यावरचं वाचन यांची तुलना करणाऱ्या 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात 1 लाख 70 हजारांहून अधिक वाचकांची माहिती होती. कागदावर वाचलेलं थोडं अधिक चांगलं समजतं, आणि वेळेचं बंधन असलं की हा फरक वाढतो, असं त्यातून दिसलं. ते अभ्यास उताऱ्यांच्या वाचनाचे होते, भौतिकशास्त्राच्या गणितांचे नव्हते. पण पडद्यावरच्या प्रश्नाखाली रेघ मारता येत नाही आणि आकृती रफ शीटवर पुन्हा काढावी लागते, हे परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा.

हा फरक कायमचा असतो का? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2015 आणि 2016 साली काही शाळांनी एकच परीक्षा संगणकावर घेतली आणि काहींनी कागदावर. पहिल्या वर्षी संगणकावरची मुलं मागे पडली. दुसऱ्या वर्षी हे अंतर बरंच कमी झालं. म्हणजे नवखेपणाची किंमत होती आणि सराव झाल्यावर ती उतरली. आपल्याकडे या नवखेपणाचा एक मजेदार प्रकार आहे: सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात फोन कायम असतो, त्यामुळे ‘त्याला कॉम्प्युटरचं काय शिकवायचं’ असं सगळे धरून चालतात. बोटाने स्क्रीन सरकवत वाढलेल्या या पिढीतल्या कित्येकांनी माउस मात्र क्वचितच हाताळलेला असतो.

‘रिव्ह्यूला टाकलेलं उत्तर धरत नाहीत’

धरतात. जेईई मेनच्या सूचनांमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं असतं: उत्तर निवडून, जतन करून मग रिव्ह्यूची, म्हणजे नंतर पुन्हा पाहण्याची, खूण केली असेल, तर ते उत्तर तपासलं जातं. उत्तर न निवडता नुसती खूण केली असेल, तर तपासायला काही नसतंच. खरा घात वेगळ्याच ठिकाणी होतो. पर्याय निवडल्यावर ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता शेजारच्या प्रश्नक्रमांकांच्या चौकटीतून थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली, की आधीचं उत्तर जतन होत नाही. घाईतली मुलं हेच करतात, आणि घरी आल्यावर दोष रिव्ह्यूच्या जांभळ्या रंगाला देतात.

सीईटीच्या पीसीएम गटाचा एक बारकावाही आधी माहीत हवा. पहिली 90 मिनिटं भौतिक आणि रसायनशास्त्राची, पुढची 90 गणिताची. पहिला भाग संपला की तो बंद होतो. गणितातून वाचवलेला वेळ रसायनशास्त्राला देता येत नाही, त्यामुळे कागदावरच्या सवयीने आखलेलं वेळेचं गणित इथे कोसळतं.

मशीन बंद पडलं तर? जेईई मेनच्या नियमांनुसार दुसरं मशीन दिलं जातं आणि वाया गेलेला वेळ भरून मिळतो. जतन केलेली उत्तरं सर्व्हरवर असतात. अशा वेळी गप्प बसून घाम पुसायचा नाही, लगेच हात वर करायचा.

आणि बरोबर उत्तरं दिली की संगणक पुढचे प्रश्न अवघड करत जातो, ही भीती परदेशातल्या परीक्षांची आहे. जीआरई आणि अमेरिकेतली नवी डिजिटल सॅट त्या धर्तीवर चालतात. सीईटी आणि जेईई मेन तशा चालत नाहीत.

‘शिफ्ट म्हणजे नशीब’

मुलांच्या मनातला सर्वांत मोठा सल हाच आहे, आणि तो समजावून सांगण्यात आपली व्यवस्था सर्वांत कमी पडली आहे. लाखो मुलांची परीक्षा एकाच वेळी संगणकावर घेता येत नाही, म्हणून अनेक सत्रं होतात आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. पेपर वेगळे म्हटल्यावर काठिण्य थोडं मागेपुढे होणारच. म्हणून निकालात कच्च्या गुणांऐवजी पर्सेंटाइल धरतात. तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण किती जणांना पडले, ते शंभराच्या प्रमाणात मांडायचं, एवढाच त्याचा अर्थ.

समजा, सकाळच्या अवघड शिफ्टला 10,000 मुलं बसली आणि 120 किंवा त्याहून कमी गुण 9,500 जणांना पडले. 120 गुणवाल्याचा पर्सेंटाइल 95. दुपारच्या सोप्या शिफ्टमध्ये तेच स्थान मिळवायला 138 गुण लागले, तर 138 वाल्याचाही पर्सेंटाइल 95. ‘मला 138 वर 95 आणि तिला 120 वरच 95, हा अन्याय आहे’ असं म्हणणाऱ्याने दोन वेगळे पेपर एका तराजूत घातलेले असतात. 95 पर्सेंटाइल म्हणजे 95 टक्के गुण नव्हेत, हे तर नातेवाइकांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

या पद्धतीत एक गृहीतक आहे, तेही उघड सांगायला हवं: दोन्ही शिफ्टमधली मुलं एकंदरीत सारख्याच तयारीची आहेत. मुलं शिफ्टमध्ये सरमिसळ करून विभागली आणि संख्या मोठी असली, तर हे बहुतांशी खरं ठरतं, अगदी काटेकोर मात्र नाही. निकालपत्रावर दशांशानंतर सात आकडे छापलेले असतात. ते बरोबरीत आलेली मुलं वेगळी काढण्यासाठी असतात, पण मुलांना त्यातून अचूकतेचा जो भास होतो तो माझ्या मते उपकारक नाही.

मुलांचा संशय प्रत्येक वेळी गैरसमजच असतो असंही नाही. 27 एप्रिल 2025 रोजी सकाळच्या सत्रात सीईटीच्या गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. त्या सत्रातल्या 27,837 विद्यार्थ्यांसाठी 5 मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. ही चूक संगणकाने केली नव्हती. पेपर तयार करणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसांची होती. पण आठवड्याभराने पुन्हा त्याच खुर्चीत बसणाऱ्या मुलाला हा भेद सांगून काय दिलासा मिळणार?

‘धडधड झाली, म्हणजे पेपर गेला’

परीक्षेच्या ताणाचे दोन भाग असतात, असं लिबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी 1967 साली मांडलं. एक शरीराचा: हात गार पडणं, छाती धडधडणं. दुसरा विचारांचा: ‘नापास झालो तर’, ‘बाकीच्यांचं झालं असेल’. गुणांचं नुकसान प्रामुख्याने दुसऱ्याशी जोडलेलं आढळतं. जीआरईची तयारी करणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या एका गटाला 2010 च्या एका प्रयोगात इतकंच सांगितलं गेलं, की ही धडधड कामगिरीला मारक नसते, उलट मदत करू शकते. त्या गटाचे गणिताचे गुण इतरांपेक्षा चांगले आले. प्रयोग लहान होता, त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण ‘घाबरू नकोस’ असं दहादा बजावण्यापेक्षा ‘धडधडणारच, त्याने बिघडत नाही’ हे सांगणं अधिक शहाणपणाचं.

पडद्यावर उलट्या धावणाऱ्या टायमरकडे सारखं बघितलं, तर विचारांचा हा दुसरा भाग चेकाळतो. मॉक टेस्टमध्ये टायमर ठरावीक टप्प्यांवरच बघायची सवय लागली, तर खऱ्या पेपरात ती टिकते.

‘फायदे समजावले की मुलं तयार होतील’

हा मोठ्यांचा गैरसमज. ग्रीसमधल्या मॅसेडोनिया विद्यापीठातले तेर्झिस आणि इकॉनोमिडीस यांनी विद्यार्थी संगणकावरची परीक्षा केव्हा मनापासून स्वीकारतात याचा अभ्यास 2011 साली मांडला. थेट परिणाम दोनच गोष्टींचा दिसला: ती वापरायला सोपी वाटते का, आणि देताना मन तिच्यात रमतं का. ‘ही पद्धत उपयुक्त आहे’ या मताचा परिणाम केवळ अप्रत्यक्ष होता. आपल्या मुलांना सीईटी नाकारायची सोय नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत स्वीकार म्हणजे निश्चिंतपणे बसता येणं. ते निकाल लवकर लागतो, कागद वाचतो असल्या भाषणांनी साधत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयांनी त्यासाठी एक गोष्ट अकरावीतच करावी. कुलूप लावून ठेवलेली संगणकाची लॅब उघडा, सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मिळणारी मॉक टेस्ट तिथे लावा आणि प्रत्येक मुलाला माउस हातात घेऊन ती पूर्ण वेळाची द्यायला सांगा. फोनवर नव्हे. नंतर अर्धा तास पर्सेंटाइल फळ्यावर सोडवून दाखवा, आणि त्या तासाला पालकांनाही बोलवा.