पेशींची तालीम

'तालीम' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत पैलवान जेथे कुस्ती शिकतात त्या जागेलाही तालीम म्हणतात. अशीच एक तालीम तुमच्या छातीत, मधल्या हाडाच्या मागे आहे. तिचे नाव थायमस ग्रंथी.

नाशिकरोडजवळ एकलहरे येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा ठिकाणी फाटकावर पहारेकरी असतो. आपला कोण आणि परका कोण, हे त्याला ओळखता आले पाहिजे. रक्तातील 'टी' पेशींचे कामही असेच असते. त्या हाडांच्या मगजात जन्मतात आणि शिकण्यासाठी थायमसमध्ये येतात. तेथील परीक्षा फार कडक! आपल्याच शरीरावर हल्ला करू पाहणारी पेशी तेथेच नष्ट होते. शंभरातील पाच पेशीही उत्तीर्ण होत नाहीत. तुमच्या वर्गाचा असा निकाल लागला तर?

ही तालीम बालपणी जोरात चालते. वयात आल्यावर ती हळूहळू आकसते.

एचआयव्ही हा विषाणू मुख्यतः सीडी-४ नावाच्या टी पेशींत शिरतो. या पेशी म्हणजे पहारेकऱ्यांचे जमादारच. त्या कमी झाल्या की क्षय, न्यूमोनिया यांसारखे रोग बळावतात. बहुतेक बाधित मुलांना हा विषाणू गरोदरपणी, जन्माच्या वेळी किंवा दुधातून आईकडून मिळतो. तो त्यांच्या थायमसलाही इजा करतो. म्हणजे पहारेकरी जातात आणि नवे घडवणारी तालीमही ढासळते.

पण औषधाने विषाणूची वाढ थांबली, की लहान मुलाची थायमस पुन्हा नव्या पेशी पाठवू लागते. येथे मूल मोठ्या माणसापेक्षा भाग्यवान ठरते. मात्र उशीर होता कामा नये. दक्षिण आफ्रिकेत १२ आठवड्यांच्या आतील बाधित बाळांना लगेच औषधे दिली, तेव्हा थांबून औषधे दिलेल्या बाळांपेक्षा त्यांच्यातील मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला.

भारतात ही औषधे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. २००६ साली मुलांसाठी खास योजना सुरू झाली. गोळी मात्र रोज घ्यावी लागते, कारण विषाणू काही पेशींत लपून राहतो आणि औषध थांबताच डोके वर काढतो. अशा मुलाशेजारी बसल्याने, त्याच्या डब्यात जेवल्याने किंवा त्याच्याशी खेळल्याने तो कोणाला लागत नाही.

केंद्रात मुलाचे वजन वेळोवेळी करतात. वजन वाढले की गोळीची मात्राही वाढवावी लागते.